अलिबाग ते वेंगुर्ला फक्त एसटीने, किनाऱ्याकिनाऱ्याने जाता येतं का?

अर्धं तिकीट:
नोव्हेंबरच्या शेवटी आठ दिवस हातात आहेत. मी (मुलगी), आई (६८) आणि बाबा (७६). अलिबागहून निघून किनारा न सोडता वेंगुर्ल्यापर्यंत जायचंय. गाडी भाड्याने करायची नाही. एसटी, आणि जिथे खाडी आडवी येते तिथे फेरीबोट. नकाशात सगळं एका ओळीत दिसतं, पण आरक्षणाच्या अ‍ॅपवर किनाऱ्याने जाणारी थेट गाडी काही सापडत नाही. टप्पे कसे पाडावेत? 'आवडेल तेथे प्रवास' पास (ठरावीक दिवस एसटीने कितीही फिरायचा) काढावा का? आणि अडकण्याची शक्यता नेमकी कुठे आहे?

खाडीपल्याड:
थेट गाडी सापडणारच नाही, कारण तशी गाडी नाही. कोकणातली एसटी फणीसारखी चालते. मुंबई-गोवा महामार्ग हा फणीचा कणा आणि तिथून समुद्राकडे उतरणारे रस्ते हे दात. अलिबागला वडखळहून, श्रीवर्धनला माणगावहून, दापोलीला खेडच्या भरणे नाक्यावरून, गुहागरला चिपळूणहून, रत्नागिरीला हातखंब्याहून. प्रत्येक आगार आपल्या तालुक्याची गावं महामार्गाशी आणि मुंबई-पुण्याशी जोडतं. एका दातावरून शेजारच्या दातावर जायची गरज गावकऱ्यांना क्वचितच पडते, म्हणून तिथे गाड्या विरळ. तुमचा सगळा प्रवास या विरळ जागांमधूनच आहे.

उत्तर भाग असा करा. अलिबाग-मुरुड सोपं: रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद, नांदगाव. दोनेक तास धरा. मुरुडहून पुढे चूक होते ती धक्क्याची. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याच्या होड्या सुटतात. दिघीला जाणारी, गाड्या घेणारी फेरीबोट आगरदांड्याहून सुटते. रिक्षावाल्याला नुसतं 'जेट्टी' म्हणालात तर पर्यटक समजून राजपुरीला नेईल. 'आगरदांडा, दिघीची फेरी' असं पूर्ण सांगा.

दिघीला उतरल्यावर बोर्ली पंचतन गाठायचं. बोर्ली हा या भागाचा खरा नाका आहे: दिवेआगर इथून जवळ आणि श्रीवर्धनच्या गाड्याही इथेच मिळतात. श्रीवर्धनला मुक्काम करा, हरिहरेश्वर तिथून करून घ्या. पुढे बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडली की वेश्वी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. वेश्वीच्या बाजूला एसटी कमी आहे. मंडणगडची गाडी कधी आहे हे श्रीवर्धन स्टॅण्डवरून निघायच्या आधीच मंडणगड आगाराला फोन करून विचारा, नाहीतर पलीकडे धक्क्यावर उन्हात बसून राहाल. फेरी बंद असेल तर म्हसळा, आंबेत, म्हाप्रळ असा पुलावरचा रस्ता आहे.

मंडणगड-दापोली गाड्या भरपूर. दापोलीहून दाभोळ, तिथून वाशिष्ठीच्या खाडीवरची फेरी आणि पलीकडे धोपावे. ही फेरी काही मिनिटांची आहे, पण तिने किती वाचतं बघा: दापोलीहून खेड, चिपळूण करत गुहागरला रस्त्याने जायचं तर शंभरेक किलोमीटर होतात. धोपाव्याहून गुहागरला एसटी नाही मिळाली तर रिक्षा मिळते, तिथे अडून बसू नका.

गुहागर-तवसाळ हा माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा. बऱ्याच गाड्या हेदवी-वेळणेश्वरपर्यंतच जातात. पाटीवर 'तवसाळ' लिहिलंय का ते वाचूनच चढा. तवसाळहून फेरीने जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे. ही फेरी हुकली तर घाबरायचं कारण नाही. आबलोलीवरून भातगावच्या पुलाने जाकादेवीला येता येतं. गुहागर स्टॅण्डवर रत्नागिरीची 'मार्गे भातगाव' गाडी विचारा.

आणि बाबांसाठी एक: ओहोटीला धक्क्याचा उतार लांब होतो आणि खालचा भाग शेवाळलेला असतो. बोट लागली की आधी दुचाक्या-चारचाक्या उतरू द्या, मग कडेने सावकाश चाला. घाईत माणसं घसरतात ती इथेच. फेरीबोटीचं तिकीट वेगळं, एसटीची कुठलीच सवलत किंवा पास तिथे चालत नाही.

तिठा:
रत्नागिरीच्या पुढचं मी लिहितो. खाड्यांवर आता पूल आहेत, त्यामुळे फेरीबोटींचा प्रश्न संपला. पण आता जिल्ह्याची हद्द मध्ये येते. रत्नागिरी विभागाच्या गाड्या पावस, पूर्णगड, आडिवरे या बाजूला फिरतात. देवगड-विजयदुर्ग हे सिंधुदुर्ग विभागाचं, ज्याचं कार्यालय कणकवलीला. दोघांच्या मधल्या पट्ट्यात किनाऱ्याने गाडी जुळवत बसाल तर अख्खा दिवस जाईल आणि पाहून काही होणार नाही.

म्हणून सरळ सांगतो: या एका दिवशी किनाऱ्याचा हट्ट सोडा. रत्नागिरीहून सकाळी देवगड किंवा मालवणची थेट गाडी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर कणकवली-सावंतवाडीकडे जाणारी कुठलीही गाडी पकडा आणि योग्य तिठ्यावर, म्हणजे किनाऱ्याचा रस्ता फुटतो तिथे, उतरा. विजयदुर्गसाठी तळेरे, देवगडसाठी नांदगाव, मालवणसाठी कसाल, वेंगुर्ल्यासाठी कुडाळ. निमआराम आणि लांब पल्ल्याच्या गाड्या प्रत्येक तिठ्यावर थांबतीलच असं नाही, म्हणून चढण्याआधी कंडक्टरला विचारा. 'बघू' असं म्हणाला तर चढू नका, कणकवलीचंच तिकीट काढा. मोठ्या स्टॅण्डवर उतरून मागे येणं हे रात्री तिठ्यावर उभं राहण्यापेक्षा बरं.

रत्नागिरीत दोन स्थानकं आहेत, मध्यवर्ती आणि रहाटाघर. रेल्वे स्टेशन शहरात नाही, ते कुवारबावला. कुठली गाडी कुठून सुटते हे आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा.

देवगड-मालवण मात्र किनाऱ्यानेच करा: कुणकेश्वर, मिठबाव, आचरा. चुकवू नये असा हा रस्ता. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. दुपारनंतर ऊनही त्याच बाजूला येतं, तेव्हा वाटेल ती बाजू निवडा. मालवण-वेंगुर्ला परुळ्यावरून गाडी मिळाली तर ती घ्या, नाहीतर कुडाळला बदलायची.

फलाट चार:
वर मार्ग छान दिलाय. पण वेळेचं गणित कोणी सांगितलं नाही आणि बाहेरची माणसं त्यातच फसतात.

खेड्यातली एसटी गावकऱ्यांच्या दिवसावर चालते. संध्याकाळी तालुक्याहून गावात येणारी गाडी रात्री तिथेच राहते, ती वस्तीची गाडी. पहाटे तीच गाडी तालुक्याला परत जाते. मग शाळा-कॉलेजची फेरी, मग कचेरीची. म्हणजे सकाळी गर्दी आणि गाड्या दोन्ही गावातून तालुक्याकडे, संध्याकाळी उलट. तुम्ही पर्यटक मात्र सकाळी दहाला तालुक्याहून गावाकडे निघता. तुमच्या दिशेची गाडी असते, पण ती अकरा-बाराच्या सुमाराची एखादी, आणि चारनंतर परत येणारी मिळेलच याची खात्री नाही. उपाय साधा आहे. मुक्काम तालुक्याच्या गावी न करता किनाऱ्याच्या गावी करा, म्हणजे पहाटेची वस्तीची गाडी तुमच्या उपयोगाची ठरते. हेदवीला राहिलात तर सकाळी गुहागरला जाणारी गाडी दारात असते. तवसाळला जायचं तर मात्र तिचा उपयोग नाही, ती विरुद्ध दिशेची. हा विचार प्रत्येक मुक्कामाला करायचा.

दुसरं, शाळेच्या फेऱ्या रविवारी आणि सुट्टीत बंद असतात. वेळापत्रकाच्या फळ्यावर ती वेळ तशीच रंगवलेली राहते, गाडी येत नाही. नोव्हेंबर अखेर शाळा चालू असतील, तरी तुमच्या आठ दिवसांत एक रविवार येणारच. त्या दिवशी लांबचा, महामार्गावरचा प्रवास ठेवा. तिठा म्हणतात तो रत्नागिरीनंतरचा दिवस त्यासाठी अगदी योग्य. डिसेंबर-जानेवारीत शालेय सहलींना आगाराच्या गाड्या जातात, तेव्हा गावच्या फेऱ्या आणखी रद्द होतात. तुम्ही त्याच्या थोडं आधी जाताय ते बरं.

चौकशीच्या खिडकीवर 'तवसाळला गाडी कधी आहे?' असं विचारलंत तर फळ्यावरची वेळ मिळेल. त्याऐवजी कंट्रोलरला (स्टॅण्डवरून गाड्या सोडणाऱ्या वाहतूक नियंत्रकाला) विचारा, 'आज तवसाळ लागलीय का?' आज ती फेरी सुटणार की नाही हे त्याच्यासमोरच्या नोंदीत असतं. आणि त्याच दमात परतीची शेवटची गाडी कितीला आहे तेही.

टप्पा-टप्पा:
पासाबद्दल. साध्या गाडीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर असतं. २५ जानेवारी २०२५ च्या १४.९५ टक्के भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे १०.०५ रुपये पडतात. तुमचा मार्ग आतबाहेर धरून ६०० किलोमीटर मानला तरी १०० टप्पे, म्हणजे पूर्ण तिकीट साधारण हजार रुपये. आता तुमच्या घरचा हिशोब बघा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट, म्हणजे तुम्ही आणि आई प्रत्येकी पाचशेच्या आसपास. बाबा ७५ च्या पुढचे, त्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. तिघांचे मिळून हजार. पास काढायचं कारणच नाही.

पास कोणाला परवडतो ते ओळखायची सोपी रीत: आगारात पासाची जी किंमत सांगतील तिला दहाने भागा, येतील तेवढे टप्पे, त्याला सहाने गुणा, येतील तेवढे किलोमीटर. चार किंवा सात दिवसांत त्याहून जास्त फिरणार असाल तरच काढा. सवलतीचं तिकीट मिळणाऱ्या महिलेने दहाऐवजी पाचने भागायचं. रोज तीस-चाळीस किलोमीटर करून मुक्काम करणाऱ्यांचा पास कधीच वसूल होत नाही. तो नागपूर-कोल्हापूरसारख्या लांब उड्या मारणाऱ्यांसाठी आहे. त्यातही जागेची हमी नसते, आरक्षण हवं तर वेगळे पैसे.

बाबांना आधार कार्ड खिशात वर ठेवायला सांगा. मोफत असलं तरी शून्य रुपयांचं तिकीट घ्यावंच लागतं. तपासनीस आला तर तेच दाखवायचं. सगळ्यांचीच तिकिटं प्रवास संपेपर्यंत जपा. मशीनमधून निघणारा तो पातळ कागद घामाच्या हातात किंवा उन्हात पुसट होतो, पाकिटात घाला. गाडी बंद पडली तर कंडक्टर मागच्या एसटीत बसवून देतो, पण तिकीट हातात पाहिजे.

कंडक्टरच्या मशीनवर यूपीआयने पैसे देता येतात, पण खाडीच्या काठाला आणि घाटात नेटवर्क दगा देतं. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी जवळ ठेवा.

अर्धं तिकीट:
सगळ्यांचे आभार. पास रद्द. दोन शंका. सामान किती आणावं? आणि वेंगुर्ल्याहून पुढे पणजीला एसटीने गेलो तर सवलत चालेल का?

टप्पा-टप्पा:
सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढच्या गोव्यातल्या टप्प्यांचं पूर्ण तिकीट पडेल, बाबांनाही.

खाडीपल्याड:
माणशी एक पाठपिशवी, मांडीवर किंवा सीटखाली मावेल एवढी. चाकांच्या पिशव्या नकोत. धक्क्याच्या उतारावर आणि एसटीच्या दोन उंच पायऱ्यांवर त्याच पहिल्या त्रास देतात. आईबाबांना गाडीच्या मधल्या भागातल्या सीटवर बसवा. मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट रिकामी दिसली तरी सोडा. ती रिकामी का राहिली ते पहिल्या खड्ड्यात कळतं.

तिठा:
एक राहिलंच. नावं नीट सांगा. मुरुड दोन आहेत, जंजिऱ्याचं आणि दापोलीजवळचं. वेळास मंडणगड तालुक्यात आहे आणि वेळास-आगर श्रीवर्धनमध्ये. आरवली एक संगमेश्वरकडे महामार्गावर, दुसरी वेंगुर्ल्याजवळ वेतोबाची. नांदगाव मुरुडच्या अलीकडे एक आणि कणकवलीचं एक. पाली सुधागडातही आहे आणि रत्नागिरीजवळही. तिकीट मागताना तालुका जोडून सांगा: 'आरवली, वेंगुर्ला'.

फलाट चार:
आणि पाटीवरचं शेवटचं गाव वाचून चढू नका. खाली बारीक अक्षरात 'मार्गे' लिहिलेलं असतं, ते वाचा. गणपतीपुळे-रत्नागिरी गाडी आरे-वारेने गेली तर सगळा रस्ता समुद्राला लागून, निवळीने गेली तर डोंगरातून आणि बरीच लांब. दोन्ही पाट्यांवर मोठ्या अक्षरात 'रत्नागिरी'च असतं.