कपातीनंतर मागं राहिलेल्यांनो, लिहा

कंपनीत कपात होऊन माणसं कमी झाली की चर्चा होते ती गेलेल्यांची, आणि ती व्हायलाच हवी. पण मागं राहिलेल्यांवर दोघा-तिघांचं काम येऊन पडतं, त्याबद्दल बोलायला गेलं की ‘तुझी नोकरी तरी आहे ना’ म्हणून तोंड बंद करतात. कोल्हापूरजवळची शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, किंवा घरात बसून पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीचं काम करणारे, सगळ्यांनी लिहा. कंपनीचं आणि साहेबाचं नाव नको. काय केलं आणि त्यानं फरक पडला का, ते जरा सविस्तर सांगा.

शिरोली, फौंड्री
आमच्याकडं एसजी आयर्नची, म्हणजे गोल ग्रॅफाइटच्या चिवट बिडाची कास्टिंग (ओतीव भाग) होतात. ऑर्डरी घटल्या म्हणून आधी कंत्राटी पोरं कमी केली, मग पर्मनंटमधलीही काही. ऑर्डरी परत आल्या, माणसं आली नाहीत. पोअरिंगला, म्हणजे रस ओतायला तिघं असायचे, आता दोघांतच भागवायचं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वितळलेल्या लोखंडाच्या रसाला मॅग्नेशियमची ट्रीटमेंट दिली की घड्याळ सुरू होतं. साधारण दहा मिनिटांत सगळे मोल्ड (साचे) भरले पाहिजेत. उशीर झाला की मॅग्नेशियमचा असर उतरतो, ग्रॅफाइट गोल बनत नाही आणि कास्टिंग भंगारात. माणूस कमी म्हणजे शेवटच्या मोल्डपर्यंत पोचायला उशीर. रिजेक्शन वाढलं, तर सकाळच्या मीटिंगला साहेब म्हणाले, पोरांचं कामात लक्ष नाही. चौदाशे अंशांच्या रसाशेजारी उभं राहणाऱ्याला असं बोलणं मला फार लागलं.

भांडण केलं नाही. लॉगशीटला रकाने वाढवले: ट्रीटमेंटची वेळ, शेवटचा मोल्ड भरल्याची वेळ, लेडलवर (रस ओतायच्या भांड्यावर) माणसं किती. हळूहळू कागदावरच दिसायला लागलं. ज्या शिफ्टला तिघं, तिथं माल पास. जिथं दोघं, तिथं शेवटचे मोल्ड फेल. त्याला लॅबचे रिपोर्ट जोडले, भंगारात गेलेल्या मालाची किंमत अकौंट्समधून काढून घेतली. ती एका माणसाच्या पगारापेक्षा कितीतरी जास्त निघाली. साहेबांनी कागद बाजूला ठेवला. पण गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट आलं तेव्हा लॉगशीट फाइलला होती आणि ऑडिटरनं नेमकं त्यावरच बोट ठेवलं. मग फेटलिंगमधला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथला एक गडी आमच्याकडं दिला. फेटलिंगवाले नाराज झाले, त्यांचंही बरोबरच आहे. नवीन माणूस अजून घेतलेला नाही.

राजारामपुरी, घरून काम
आमची टीम पुण्यात, मी कोल्हापुरातून. कपात झाली आणि ऑन-कॉलची (कधीही फोन आला तर काम बघायची) पाळी संपते न संपते तोच परत यायला लागली. कुठलं काम आधी करू विचारलं की मॅनेजरचं ठरलेलं उत्तर, सगळंच अर्जंट आहे.

आता दर सोमवारी मेल टाकते. हातात ही कामं, प्रत्येकाला अंदाजे इतके तास, आठवड्यात यातली वरची एवढीच बसतात. क्रम बदलायचा असेल तर दुपारपर्यंत कळवा, नाहीतर मी याच क्रमानं करते. उत्तर क्वचित येतं. पण काही मागं राहिलं तर ‘मला सांगितलं नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही.

आणखी एक. ज्यांना काढलं त्यांना ‘ती स्क्रिप्ट कशी चालायची गं’ म्हणून फोन करायचा नाही, हे मी ठरवलं आहे. नोकरी काढून घ्यायची आणि वर त्यांच्याकडूनच फुकटात शिकायचं, मला पटत नाही. तेवढा वेळ जास्त लागेल असं मेलमध्ये सरळ लिहिते.

इचलकरंजी, अकौंट्स
मी ओढत राहिलो आणि शेवटी सोडलं. आता लक्ष्मीपुरीत एका व्यापाऱ्याचा जमाखर्च बघतो. पगार कमी आहे, झोप लागते.

गोकुळ शिरगाव, शिफ्ट इन्चार्ज
साहेब लोकांना शिव्या द्या, पण माणसं किती ठेवायची हे मला कुणी विचारत नाही, वरून आकडा येतो. ‘दिवाळीनंतर भरती आहे असं पोरांना सांग’ म्हणाले होते. मला तसं काही दिसत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. माझ्या हातात होतं तेवढं केलं: तीन रिपोर्टांचा एक केला, उभ्याउभ्या होणारी संध्याकाळची मीटिंग बंद केली.

उद्यमनगर, निवृत्त कामगार
पोरांनो, हजेरीचा आणि जादा तासांचा हिशेब स्वतःच्या वहीत ठेवा. कारखान्यातल्या कामगाराला ओव्हरटाइम दुप्पट दरानं, हे १९४८च्या कारखाना कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही आहे. कपात करताना, वर्षभर सलग काम झालेल्या कामगाराला निदान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागं पंधरा दिवसांच्या पगाराएवढी भरपाई द्यावी लागते. म्हणूनच काही ठिकाणी राजीनामा लिहून मागतात. एकदा सही केली की भरपाई मागणं अवघड होऊन बसतं. कागद घरी आणा, जाणत्या माणसाला दाखवा, मगच काय ते ठरवा.

कागल, एका इंजिनिअरची बायको
आमच्या ह्यांचा फोन रात्री वाजला की ताडकन उठून बसतात. जेवताना बोलत नाहीत. मी आधी स्वतःच टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ला फोन लावला. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. मग त्यांच्या हातात दिला. पुष्कळ वेळ बोलले. आता निदान माझ्याशी तरी बोलतात.
पण रात्रीचे फोन थांबलेले नाहीत. साहेबाला कसं सांगायचं, ज्यांनी सांगितलंय त्यांनी लिहा.

राजारामपुरी, घरून काम
ताई, ‘उचलणार नाही’ असं म्हणायला लावू नका. ‘मशीन बंद पडलं तर फोन करा, बाकी सगळं मेसेजवर टाका, सकाळी आठला बघतो’ असं त्यांनी एकदा लिहून पाठवावं. नंतर फक्त मशीन बंदचाच फोन उचलायचा. पहिले काही दिवस जड जातात, माझ्या मॅनेजरनं दोनदा टोमणा मारला. मी सकाळी आठला न चुकता उत्तर देत राहिले, मग रात्रीचे फोन बरेच कमी झाले.

शिरोली, फौंड्री
वहिनी, आणि लिहिताना प्लँट हेडलाही कॉपीत ठेवायला सांगा.