दुपारीच बंद पडणारा स्प्लिट एसी आणि दरवर्षीचा गॅस : वाळवंटी हवामानात देखभाल नेमकी कशी करावी?

प्रश्न (मरुनिवासी)

नमस्कार. आम्ही वाळवंटी प्रदेशात राहतो. उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४५ ते ४८ अंश सेल्सिअसपर्यंत जाते, हवा अत्यंत कोरडी असते आणि धुळीची वादळे वरचेवर येतात. घरात दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला, आर-४१०ए गॅसवर चालणारा स्प्लिट एसी असून त्याचे आउटडोअर युनिट गच्चीवर थेट फरशीवर ठेवलेले आहे.

रात्री आणि सकाळी एसी उत्तम चालतो. दुपारी एक ते पाचच्या दरम्यान मात्र कॉम्प्रेसर बंद पडतो, आतला पंखा नुसताच फिरत राहतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने कॉम्प्रेसर आपोआप पुन्हा सुरू होतो. गेल्या दोन उन्हाळ्यांत मेकॅनिकने प्रत्येक वेळी ‘गॅस कमी झाला आहे’ असे सांगून गॅस भरला. काही दिवस बरे गेले आणि मग तक्रार आधीपेक्षा वाढली. यंदाही तोच सल्ला मिळाला आहे. घरात माझी वृद्ध आई असते आणि तिला सर्वाधिक त्रास नेमका त्याच वेळात होतो, म्हणून या खेपेस कारण समजून घेतल्याशिवाय काही करू नये असे वाटते. गॅस खरोखरच दरवर्षी संपतो का? आणि धुळीच्या प्रदेशात आउटडोअर युनिट किती दिवसांनी व कसे साफ करावे?

उत्तर १ (शीतकरण तंत्रज्ञ)

आपण दिलेल्या वर्णनातच बरेचसे निदान दडलेले आहे. गॅस हे इंधन नव्हे. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो आणि कधीही ‘वापरला’ जात नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे भोक असलेल्या भांड्यात पाणी ओतणे होय. शिवाय गॅस खरोखरच कमी असता तर थंडावा रात्रीही अपुरा पडला असता, आणि इनडोअर कॉइलवर बर्फ धरण्याची शक्यता होती. आपला एसी रात्री उत्तम चालतो आणि केवळ भर उन्हात बंद पडतो, यावरून संशय बाहेरच्या कॉइलवर, म्हणजे कंडेन्सरवर जातो.

कंडेन्सरला आतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकायची असते, आणि त्यासाठी त्यातील गॅस बाहेरच्या हवेपेक्षा बराच अधिक गरम असावा लागतो. बाहेर ३५ अंश असताना तो साधारण ५० अंशांच्या आसपास द्रवरूप होतो. बाहेर ४७ अंश असतील तर तोच आकडा ६० च्या पुढे जातो. आर-४१०एचा दाब ६० अंशांना सुमारे ३८ बार असतो आणि ७२ अंशांच्या जरा अलीकडेच त्याचे क्रांतिक तापमान येते, ज्याच्यापुढे तो दाबाखालीही द्रवरूप होत नाही. म्हणजे स्वच्छ यंत्रालाही भर दुपारी फारशी मोकळीक उरलेली नसते. अशा स्थितीत कॉइलवरच्या पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांच्या फटींमध्ये धुळीचा थर बसला की हवेचा प्रवाह घटतो, तापमान आणखी काही अंश चढते, कॉम्प्रेसर अधिक अँपिअर ओढतो व तापतो, आणि त्याच्या आतला थर्मल ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच, त्याला बंद करतो. तो निवायला अर्धा-पाऊण तास लागतो; आपल्या वर्णनातील वेळही तेवढीच आहे.

आता दोन वेळा गॅस का भरला गेला असावा, याबद्दल. इनडोअर युनिटची जाळी धुळीने भरली असेल तर आतल्या कॉइलपर्यंत पुरेशी उष्णता पोहोचत नाही आणि सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा, दाब खाली येतो. केवळ त्या एका गेजकडे पाहून ‘गॅस कमी आहे’ असा निष्कर्ष काढणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. जाळी नंतर धुतली जाते, गॅस मात्र जास्तच राहतो. हा जास्तीचा गॅस द्रवरूपात कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांमध्ये साचतो, उष्णता टाकण्यासाठी उपलब्ध असलेली जागा कमी करतो आणि दुपारचा दाब आणखी चढवतो. आपली तक्रार गॅस भरल्यानंतर वाढत गेली, याचे हेच कारण असण्याची मोठी शक्यता मला दिसते. यंदा कृपया गॅस भरू देऊ नका. आधी दोन्ही कॉइल स्वच्छ करून घ्या आणि मगच दाब व अँपिअर मोजायला सांगा.

स्वच्छतेचा क्रम येथे महत्त्वाचा आहे. एमसीबी बंद करावा, आउटडोअर युनिट सावलीत किंवा भल्या सकाळी निवलेले असताना काम करावे, आणि प्रथम मऊ लांब केसांच्या ब्रशने, पत्र्यांच्या उभ्या दिशेतच, कोरडी धूळ काढावी. शक्य असल्यास व्हॅक्यूम क्लीनर वापरावा. कोरडी धूळ न काढता थेट पाणी मारले तर तिचा चिखल होतो, तो फटींमध्ये बसतो आणि वाळल्यावर मातीच्या पापुद्र्यासारखा घट्ट होतो. त्यानंतर साध्या नळीने, कमी दाबाने, आतून बाहेरच्या दिशेने पाणी सोडावे. हवा मागून आत खेचली जात असल्याने धूळ मागच्या बाजूला अडकते. मागूनच पाणी मारल्यास ती आणखी आत, दोन ओळींच्या कॉइलमध्ये तर थेट मधल्या फटीत जाते. आतून पाणी सोडण्यासाठी वरचे झाकण काढावे लागते, आणि बंद यंत्रातील कपॅसिटरमध्येही (मोटर सुरू करण्यासाठी विद्युतभार साठवणारा भाग) भार शिल्लक राहू शकतो, म्हणून हा भाग जाणकार मेकॅनिककडून समोर उभे राहून करून घ्यावा. विद्युत पेटी प्लॅस्टिकने झाकायला सांगावी. गाड्या धुण्याचा उच्चदाबाचा पंप वापरू देऊ नये. ॲल्युमिनियमच्या पत्र्या क्षणात वाकतात आणि वाकलेली पत्री धुळीइतकीच हवा अडवते.

इनडोअर युनिटच्या जाळ्या धुळीच्या हंगामात दर आठवड्याला आणि एरवी पंधरवड्याला धुवाव्यात. आउटडोअर कॉइल कोरड्या ब्रशने महिन्याला, आणि पाण्याने उन्हाळ्यापूर्वी एकदा व हंगामाच्या मध्यावर एकदा साफ करावी. मोठे वादळ येऊन गेले तर तारखेची वाट पाहू नये.

उत्तर २ (गच्चीवरचे निरीक्षण)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मला जागेविषयी सांगायचे आहे, कारण माझ्या मते फरशीवर ठेवलेले युनिट हाच अर्धा प्रश्न आहे. वाऱ्याने उडणारी वाळू आणि हवेत तरंगणारी धूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळूचे कण जड असल्यामुळे जमिनीलगत उड्या घेत पुढे सरकतात, तर बारीक धूळ खूप उंच जाते. धुळीपासून सुटका नाही, पण युनिट मजबूत लोखंडी स्टँडवर अर्धा मीटर वर घेतले की वाळूचा मोठा भाग खालून निघून जातो आणि तापलेल्या फरशीलगतची सर्वांत गरम हवाही टळते. मी स्वतः हा बदल केल्यानंतर कॉइलच्या तळाशी साचणारी रेती जवळजवळ थांबली.

सावली अवश्य करावी, परंतु छप्पर युनिटच्या बरेच वर आणि बाजूंनी मोकळे असावे. पुढून बाहेर पडणारी गरम हवा छपराखाली कोंडून पुन्हा मागून आत खेचली गेली, तर सावलीचा लाभ होण्याऐवजी तोटा होतो. याच कारणाने चालू युनिटवर कापड किंवा बारीक जाळी बांधू नये. वादळ प्रत्यक्ष चालू असेल तेवढा वेळ एसी बंद ठेवणे मात्र शहाणपणाचे आहे, कारण चालू पंखा ती सारी धूळ स्वतःहून कॉइलमध्ये ओढून घेतो.

कंडेन्सरवर सतत पाण्याचे तुषार मारण्याचा उपाय कोणी सुचवेल. त्याने दाब लगेच उतरतो हे खरे. परंतु वाळवंटी भागातील पाणी बहुधा क्षारयुक्त असते, ते वाळल्यावर पत्र्यांवर पांढरा थर धरतो, आणि हा थर धुळीसारखा ब्रशने निघत नाही. हा उपाय मी कुणालाही सुचवणार नाही.

पुन्हा प्रश्न (मरुनिवासी)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे समोर उभे राहून काम करून घेतले. झाकण काढल्यावर कॉइलच्या दोन ओळींच्या मध्ये वाळलेल्या मातीची अक्षरशः भिंत निघाली; बाहेरून पाहताना तिचा काहीही अंदाज येत नव्हता. आता दुपारी एसी बंद पडत नाही, मात्र सुरू होताना कॉम्प्रेसर दोन-तीन सेकंद घुमतो आणि मग धरतो. शिवाय ड्रेन पाइपमधून जेमतेम थेंब पडतात. गॅसमध्ये दोष असल्याचे हे लक्षण आहे, असे शेजाऱ्यांचे म्हणणे आहे. जास्तीचा गॅस काढावा का?

उत्तर ३ (शीतकरण तंत्रज्ञ)

आई दुपारी निवांत असतील हे वाचून फार बरे वाटले.

घुमण्याचा आवाज बहुधा कपॅसिटरचा दोष दाखवतो. कपॅसिटरचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ढोबळ नियम आहे, आणि आपले युनिट दोन वर्षे तापत होते. तो काढून मीटरवर मोजायला सांगा. मोजलेली क्षमता त्यावर मायक्रोफॅरडमध्ये छापलेल्या आकड्यापेक्षा छापील मर्यादेहून, जी बहुधा ५ टक्के असते, जास्त खाली गेली असेल तर बदलून घ्या. वरचे टोक फुगले असेल तर मोजण्याचीही गरज नाही. नवा कपॅसिटर तेवढ्याच क्षमतेचा आणि अधिक तापमानाला चालणारा निवडा. दुबळ्या कपॅसिटरवर कॉम्प्रेसर चालवत राहणे धोक्याचे आहे, कारण प्रत्येक वेळी त्याच्या गुंडाळ्या विनाकारण तापतात.

ड्रेनमधून पाणी कमी येणे आपल्याकडे स्वाभाविक आहे. हवेतच बाष्प नसेल तर कॉइलवर पाणी कुठून जमणार? यंत्राची ताकद हवा कोरडी करण्यात खर्च न होता ती थंड करण्यात खर्च होते, म्हणून खोलीतून इनडोअर युनिटमध्ये शिरणारी परतीची हवा आणि त्यातून बाहेर पडणारी थंड हवा यांच्या तापमानांतील फरक मोजणे अधिक उपयोगी ठरते. जाळी स्वच्छ असताना आणि एसी वीसेक मिनिटे चाललेला असताना हा फरक साधारण १० ते १४ अंश असेल तर थंडावा ठीक आहे असे समजावे.

गॅस अंदाजाने सोडून ‘जरा कमी’ करणे मला मान्य नाही. आर-४१०ए हे दोन घटकांचे मिश्रण आहे. योग्य रीत म्हणजे सगळा गॅस रिकव्हरी यंत्राने काढून घेणे, नायट्रोजनच्या दाबाने गळती तपासणे, व्हॅक्यूम करणे (नळ्यांतील हवा व ओलावा पंपाने ओढून काढणे) आणि नेमप्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून, मिश्रणाचे प्रमाण बिघडू नये म्हणून द्रवरूपात भरणे. पाइपची लांबी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर उत्पादकाने सांगितलेली वाढ धरावी. हे काम उन्हाळा संपल्यावर केले तरी चालेल, परंतु दुपारचे अँपिअर नेमप्लेटवरील आकड्याच्या वर जात असतील तर आत्ताच करून घ्यावे.

त्याच वेळी गच्चीवरील जाड कॉपर पाइपचे इन्सुलेशनही पाहा. उन्हातील अतिनील किरणांनी काळा फोम ठिसूळ होऊन गळून पडतो, आणि उघड्या पडलेल्या थंड पाइपमध्ये उन्हाची उष्णता फुकट शिरते. नवे इन्सुलेशन घालून ते बंद केसिंग-पट्टीत किंवा ऊन सोसणाऱ्या टेपखाली ठेवावे. नेमप्लेटवर ‘टी१’ आहे की ‘टी३’ हेही एकदा वाचून ठेवा; टी१ यंत्राची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते आणि टी३ यंत्राची ४६ अंश धरून. पुढे कधी नवे यंत्र घ्याल तेव्हा टी३ शिवाय दुसरे घेऊ नका.

ड्रेनबाबत एकच काळजी घ्या. वाहते पाणी नसल्यामुळे धूळ पाइपमध्ये तशीच बसून राहते आणि एखाद्या दमट दिवशी पाणी उलटून भिंतीवर उतरते, म्हणून हंगामातून दोनदा तांब्याभर पाणी ट्रेमध्ये हळूहळू ओतून ते दुसऱ्या टोकाने तेवढेच बाहेर येते की नाही, हे पाहत जा.