शब्दचर्चा: कांगावखोर नेमकं कोणाला म्हणायचं?

आमच्या मानेवाड्याकडच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आजकाल कोणाचंही भांडण झालं की लगेच कोणीतरी लिहितं "हा व्हिक्टिम कार्ड खेळून राहिला". मला या शब्दाचा खरंच वैताग आला आहे, कारण कांगावा हा इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना आपण तो वापरत का नाही? पण मग विचार करत गेले तर वाटलं की कांगावा हे त्या प्रकाराचं नाव झालं, माणसाचं काय? म्हणजे जो स्वतःच भांडण उकरून काढतो आणि शेवटी दर वेळी स्वतःच अन्याय झालेला होऊन बसतो त्याला काय म्हणायचं, भांडखोर, कळलाव्या, की अजून काही?

उदाहरण देते म्हणजे कळेल. उन्हाळ्यात नळ आला की तळमजल्यावरचे एक जण डायरेक्ट लाइनलाच टुल्लू (पाणी ओढायचा छोटा पंप) लावतात, वरच्यांच्या बादलीत करंगळीएवढी धार. एक काकू जिन्यातूनच म्हणाल्या, "भाऊ, पाच मिनिटं बंद करा ना, प्यायचं तरी भरू द्या." झालं, तो दारात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असा सुरू, "आमच्या आईची तब्येत बरी नाही अन् हे लोकं आमाले पाणीबी भरू देत नाही, सगळी बिल्डिंग आमच्यावर उठली आहे!" संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टुल्लूचं नावच नाही, काकू किती कठोर आहेत हाच विषय. याच्या आधी पार्किंगवरून हेच, त्याच्या आधी पॅसेजमध्ये कुलर ठेवण्यावरून हेच, समोरचा माणूस दर वेळी वेगळा आणि बिचारा मात्र तोच.

प्रतिसाद

ताई, भांडखोर नाही म्हणता येणार. भांडखोर उघड भांडतो, मी भांडलो हे तो लपवत नाही. कळलाव्या तर एकदम वेगळा, तो दोघांत लावून देतो आणि आपण बाजूला उभा राहून मजा पाहतो, त्याला कोणाची दया नको असते. आपल्याकडे 'काड्या करून राहिला' म्हणतो तो हा. रडतराऊत नुसताच कुरकुरतो, कोणाच्या वाटेला जात नाही. आणि 'चोर तो चोर वर शिरजोर' मधला शिरजोर दमदाटी करतो, रडत नाही.

तुमच्या टुल्लूवाल्याचे दोन भाग आहेत. आधी कुरापत, मग कांगावा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतो ना, तो दुसरा भाग झाला. दोन्ही भाग एकत्र सांगणारा शब्द मला तरी आठवत नाही, पण व्यवहारात कांगावखोर म्हटलं की लोकांना पहिला भाग आपोआप समजतो, कारण स्वतःची चूक झाकायला केलेली ओरड म्हणजेच कांगावा. चूकच नसेल तर तो कांगावा नाही, तो आक्रोश झाला.

आणि त्यातला 'खोर' पहा. फारसीतल्या खुर्दन म्हणजे खाणे यातून आला, लाचखोर, चुगलीखोर, व्याजखोर. हे सगळे सवयीचे शब्द आहेत. एकदा चुगली केली म्हणून कोणी चुगलीखोर होत नाही. तसंच एखाद्या दिवशी माणूस चिडून जास्त बोलला, रडला, तर त्याने फार तर कांगावा केला, त्याला कांगावखोर म्हणायला तीच रीत पुन्हा पुन्हा दिसली पाहिजे. तुमच्या उदाहरणात पार्किंग आणि कुलर नसते तर मी हा शब्द वापरू दिला नसता.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला जोर देऊन सांगते कारण हा शब्द मी सगळ्यात जास्त सुनांबद्दल ऐकला आहे. घरात खरंच त्रास आहे, ती एक दिवस तोंड उघडते, आणि अख्खं घर म्हणतं "कांगावा करते". म्हणजे जो त्रास देतो तोच हा शब्द दुसऱ्यावर फेकतो. जेनिफर फ्रेड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1997 मध्ये याला डार्व्हो असं नाव दिलं: आधी नाकारायचं, मग जाब विचारणाऱ्यावरच हल्ला करायचा, आणि शेवटी पीडित कोण आणि पीडा देणारा कोण याची अदलाबदल करून टाकायची. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांना जाब विचारल्यावर ते कसे वागतात यावरून त्यांनी हे मांडलं होतं. त्यामुळे आवाज किती मोठा आहे यावरून ठरवूच नका. मी एकच पाहते, गोष्ट कुठून सुरू होते. खरा त्रास झालेला माणूस सहसा आधीचंही सांगतो, स्वतः काय बोलला तेही सांगतो. कांगावखोराची गोष्ट नेहमी समोरच्याच्या वाक्यापासून सुरू होते, टुल्लू त्यात नसतोच.

प्रतिसाद

अजून एक ओळखायची खूण, त्याला भांडण मिटलेलं नको असतं. काकू उद्या सॉरी म्हणाल्या तर तो म्हणेल मनापासून नाही म्हटलं. 2020 मध्ये रहाव गबाय या इस्रायली संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या स्वभावावर अभ्यास आला, त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत: आपलं दुःख सगळ्यांनी मान्य करावं ही भूक, आपणच नीतीने वरचे ही समजूत, दुसऱ्याच्या दुःखाची कदर नसणे आणि जुनं तेच तेच मनात घोळवणे. शेवटच्यासाठी आपला उगाळणे शब्द किती बरोबर बसतो पहा. आणि अशा माणसाला बाजू घेणारं कोणीतरी लागतंच, स्टीफन कार्पमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 1968 मध्येच छळणारा, छळला जाणारा आणि सोडवणारा असा त्रिकोण मांडला आहे. तुमच्या ग्रुपवर जे लोक काकूंना बोलले ते सोडवणारे. ते वाईट नाहीत हो, पण विचारलं का कोणी टुल्लूचं?

धागा सुरू करणारी

नाही विचारलं, हेच तर. आता मीटिंग आहे आणि सेक्रेटरी म्हणतात तक्रार रजिस्टरमध्ये तुम्हीच लिहा. कांगावखोर लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद

नका लिहू ताई. तो शब्द लिहिला की उद्या चर्चा त्या शब्दावरच होईल आणि त्याला नवीन मुद्दा मिळेल की मला शिवी दिली. तारीख, नळ यायची वेळ, टुल्लू लाइनवर होता, काकू काय बोलल्या आणि तो काय बोलला, एवढंच लिहा. पार्किंगचं आणि कुलरचं पण त्याच पानावर तारखेसकट लिहा, आणि जे तेव्हा जिन्यात हजर होते त्यांच्या सह्या घ्या.