गाडी मिसिंग करतेय, गॅरेजवाला इंजिन उघडायचं म्हणतोय, आधी घरी काय बघू?

सुदामानगर_इंदूर
नमस्कार मंडळी. गाडी बाबांची आहे, २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, चार सिलिंडर, ९४ हजार किमी झालेत. गेल्या रविवारी आईबाबांना घेऊन ओंकारेश्वरला निघाले, सिमरोलच्या पुढे भेरूघाटाचा चढ लागला आणि गाडी झटके मारायला लागली, पिकअप गेलाच, आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. कशीबशी दुसऱ्या गियरमध्ये जागा बघून वळवली आणि परत आलो, आई पूर्ण रस्ता हात जोडून बसली होती. सपाटीवर आल्यावर दिवा नुसता पेटलेला राहिला. आता रोज सकाळी गार इंजिन सुरू केलं की दोन-तीन मिनिटं अख्खी गाडी थरथरते, मग जरा बरी होते. टेंपरेचरचा काटा ठीक आहे, कूलंट जागेवर आहे.

एका गॅरेजमध्ये नेली तर त्यानं बोनेट उघडून पाच मिनिटं आवाज ऐकला आणि सांगितलं पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उघडावं लागेल, ३५ हजार. बाबा रिटायर झालेत, एवढे पैसे घालायचे तर आधी खात्री हवी. पानापक्कड मला चालवता येतं, स्कूटरचं सगळं घरीच करते. कुठून सुरुवात करू?

बडोद्याचा_जुना_ड्रायव्हर
ताई, सगळ्यात आधी एक, दिवा लुकलुकत असताना गाडी अजिबात ताणू नका. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही (यालाच मिसिंग म्हणतात) तेव्हा ते कच्चंच सायलेन्सरकडे जातं आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, कन्व्हर्टर वितळतो आणि तो पार्ट खूप महाग आहे. घाटातून परत फिरलात ते फार बरं केलंत.

आता रिंगांचं. रिंगा गेल्या तर मागून निळसर धूर येतो, ऑइल लवकर कमी होतं, आणि ते कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून सिद्ध करता येतं, नुसत्या आवाजावरून नाही. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) मागवा, साधा ब्लूटूथवाला हजाराच्या आत मिळतो, स्टिअरिंगखाली सॉकेट असतं तिथे लावायचा. कोड काय येतो ते इथे लिहा. पी०३०० म्हणजे मिसिंग कुठल्याही सिलिंडरला होतंय, मग हवेची गळती, फ्युएल प्रेशर, घाण झालेली थ्रॉटल बॉडी (इंजिनला हवा सोडणारी झडप) असं बघत जावं लागतं. पी०३०१ ते पी०३०४ आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा, काम सोपं.

लष्कर_ग्वाल्हेर
काकांनी सांगितलं ते अगदी बरोबर. अजून एक, पावसाळ्यात आमच्याकडे दोन गाड्यांना हेच झालं होतं आणि दोन्ही वेळा उंदरांनी वायर कुरतडली होती, म्हणून कॉइलकडे (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग) जाणाऱ्या वायरी टॉर्च लावून नीट बघा. आणि प्रेशरनं इंजिन धुऊन घेतलंय का? प्लगच्या खड्ड्यात पाणी साचतं त्यानं.

सुदामानगर_इंदूर
स्कॅनर आला. कोड पी०३०३. धूर नाही, ऑइल मात्र डिपस्टिकवर खालच्या खुणेच्या जरा वर आहे, सर्व्हिस होऊन चारच महिने झालेत. इंजिन धुतलेलं नाही, वायरी ठीक दिसतात.

बडोद्याचा_जुना_ड्रायव्हर
छान, आता तीन नंबरची कॉइल एकला लावा आणि एकची तीनला. किल्ली बंद, इंजिन पूर्ण गार. १० नंबरचा एक बोल्ट, कपलरची (वायरच्या जोडाची) खिट्टी हळू दाबायची, जुनं प्लास्टिक पटकन तुटतं. मग कोड पुसून गाडी सुरू करा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल खराब. तीनवरच राहिला तर तसंच प्लगचं करा, प्लगबरोबरही हलला नाही तर मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशन कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं, वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. एवढं झाल्याशिवाय कोणालाही इंजिन उघडू देऊ नका!

आणि कॉइल ओढल्यावर रबरी टोपी नीट बघा.

सुदामानगर_इंदूर
काका!! कोड पी०३०१ झाला. आणि तीनची कॉइल ओढली तर टोपी ऑइलमध्ये चिंब, रबर फुगून मऊ झालेलं, बोटानं दाबलं तर खोलगा तसाच राहतो, आणि बाजूनं पेन्सिलनं ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ. खड्ड्यात टॉर्च मारला तर तळाशी ऑइल चमकतंय. बाकी तिन्ही कोरड्या आहेत. हे ऑइल म्हणजे रिंगाच का? जीव घाबरलाय.

बडोद्याचा_जुना_ड्रायव्हर
रिंगांचा संबंध नाही ताई. रिंगांचं ऑइल सिलिंडरच्या आत जातं, प्लगच्या खालच्या टोकावर काळं चिकट बसतं. तुमचं वरून उतरलंय, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) आत प्लगच्या नळीभोवती गोल सील असतं ते कडक झालं की ऑइल नळीत झिरपतं. त्या ऑइलनं रबर खराब झालं आणि करंट प्लगला न जाता बाजूनं इंजिनला उतरायला लागला, ती काळी रेघ त्याचीच. चढावर जोर पडला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून घाटातच पकडलं गेलं.

तीनचा प्लग काढण्याआधी खड्ड्यातलं ऑइल कापडानं, सिरिंजनं पूर्ण काढा, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये पडेल. मग टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि चारही सील बदला. टायमिंग कव्हर आणि हेडच्या सांध्यावर सीलंटचा ठिपका द्यायला विसरू नका, बोल्ट मधून बाहेर थोडे थोडे आवळा, साधारण १० न्यूटन-मीटर, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात. प्लग हातानं बसवा, टेकला की नव्या वॉशरच्या प्लगला पान्यानं अर्धा फेरा.

लष्कर_ग्वाल्हेर
प्लग चारही बदला, कॉइल एकच.

सुदामानगर_इंदूर
झालं मंडळी. पॅकिंगचा सेट, एक कॉइल आणि चार प्लग छोटी ग्वालटोलीतून आणले, सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत. पाच तास लागले, बाबा शेजारी स्टूल टाकून बोल्ट एका ताटलीत क्रमानं मांडून ठेवत होते. जुन्या प्लगची टोकं चारही फिकट तपकिरी होती, म्हणजे आत सगळं ठीक. आता सकाळी पहिल्या किल्लीला शांत उभी राहते. दहा दिवसांनी परत चारही खड्डे बघितले, टिश्यू आत घालून पुसला, कोरडा. डिपस्टिक दर रविवारी बघतेय. भेरूघाट काल तिसऱ्या गियरमध्ये चढला, आईनं ओंकारेश्वरला तुम्हा दोघांच्या नावानं नारळ फोडला.