द्वारका ते आडगाव: २० वर्षांनंतरची गर्दी सिम्युलेशनने ठरवायची का?

गोदाकाठ
माझं मत: नको. नाशिकमधल्या मुंबई–आग्रा महामार्गाच्या या टप्प्याचं दीर्घकालीन नियोजन मायक्रो-सिम्युलेशनवर, म्हणजे एकेक वाहन संगणकावर चालवून पाहणाऱ्या मॉडेलवर, बेतू नये. पुरेशी आकडेवारी नसेल तर आयआरसी:३७ (डांबरी रस्त्याच्या थरांच्या आखणीची भारतीय मार्गदर्शिका) व्यावसायिक वाहनांची किमान ५ टक्के वार्षिक वाढ धरायला सांगतं. त्या दराने २० वर्षांत वाहतूक २.६५ पट होते. ७ टक्क्यांनी ३.८७ पट. एवढी तफावत असताना चौकातली रांग मीटरमध्ये सांगून काय हशील? एवढी वाहनं घातली की मॉडेल कोंडतं आणि उत्तर ठरलेलं: उड्डाणपूल.

खडकाळीकर
सिम्युलेशन नको तर उरतो पीसीयू तक्ता (सगळी वाहनं कारच्या एककात मोजून रस्त्याची क्षमता सांगणारा). वाढीचा दर चुकला तर तोही चुकणारच की! चौपदरीला दिवसाला ४०,००० पीसीयू हा आकडा मोकळ्या रस्त्याचा. द्वारकेला पुणे रस्ता येऊन मिळतो, तिथं क्षमता चौक ठरवतो. सर्व्हिस रोडवरून आत घुसणाऱ्या रिक्षा तक्त्यात कुठून दिसणार?

मोजणीवाला
दोघंही मोजणीवर गप्प आहात, आणि घोळ तिथंच होतो. कोंडलेल्या चौकात मोजलेली वाहनं म्हणजे मागणी नव्हे, चौकाने सोडलेली वाहनं. मागणी हवी तर रांगेच्या शेपटामागे मोजा. नाहीतर ८५ टक्के ठिकाणी जीईएच (मोजणी आणि मॉडेल यांतली तफावत सांगणारा आकडा) ५ च्या आत येतो, अहवाल पास होतो आणि मॉडेल खोटंच राहतं. (मोजणी १६००, मॉडेल १८०० असलं तरी जीईएच ४.८५ भरतो! तेही ताशी आकड्यांवर. दिवसाचे आकडे घालून तो काढणारे वेगळेच.)

दुसरं, मॉडेलमधलं रस्त्यांचं नेटवर्क आखूड कापलं की रांग हद्दीबाहेर जाते. आत न शिरलेली वाहनं सरासरी विलंबात धरलीच जात नाहीत, म्हणून भविष्यातला चौक कागदावर छान पळतो. व्हिसिममध्ये (मायक्रो-सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) ‘लेटंट डिमांड’, म्हणजे आत न शिरलेल्या वाहनांचा आकडा, तपासा. शून्याजवळ नसेल तर बाकीचे आकडे वाचूच नका. लेनची शिस्त गृहीत धरणारी मूळ सेटिंगही बदला, एकाच लेनमध्ये शेजारून ओव्हरटेक चालू करा. आणि सात दिवसांची मोजणी पावसाळ्यात उरकली, तर पिंपळगावकडची द्राक्षाची वाहनं त्यात येणारच नाहीत.

गोदाकाठ
हे सगळं आजच्या चौकासाठी मान्य. पण ओव्हरटेकची सेटिंग आज जुळवली म्हणून २० वर्षांनी जुळेल कशी?

खडकाळीकर
नाही जुळणार. म्हणून २० वर्षांसाठी ओडी सर्वेक्षणावरचं (कोण कुठून कुठे जातं ते विचारणारं) मोठ्या परिसराचं मॉडेल, ४, ५, ७ टक्के वाढीवर चालवलेलं. मायक्रो फक्त पहिल्या ५–७ वर्षांच्या चौकरचनेला, दर पर्यायाला निदान १० रँडम सीड (वाहनं येण्याचा यादृच्छिक क्रम बदलून केलेल्या फेऱ्या).

गोदाकाठ
५ वर्षं चालेल, ७ नाही. आणि पुलाच्या खांबांची जागा त्या निकालावर ठरवू देणार नाही.