मुलाखतीच्या व्हिडिओत पट्टे आणि आवाज मागेपुढे – मदत हवी आहे

सराफा_०७
इंदूरच्या एका लहान कॉलेजात जनसंचारच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्टुडिओ नाही, कॅमेरा एकच आणि त्याला नंबर लागतो. म्हणून सगळं फोनवर. विषय अनंत चतुर्दशीच्या मिलच्या झांक्या (मिरवणुकीतले रोषणाईचे चित्ररथ), पाच मिनिटांचा रिपोर्ट. हुकुमचंद मिलच्या एका जुन्या कामगारकाकांची मुलाखत घरात ट्यूबलाइटखाली घेतली. चित्र सेकंदाला ३० फ्रेमवर, आवाज दुसऱ्या फोनवर, कारण कॉलर माइक फोन ओळखतच नव्हता. आता चित्रात काळपट आडवे पट्टे सरकताहेत, आणि सुरुवातीला नीट जुळवलेला आवाज बाराव्या मिनिटाला ओठांशी जुळत नाही. काका पुन्हा बसायला तयार नाहीत. यातून काही वाचेल का?

कटिंग_टेबल
आवाज वाचेल, पट्टे झाकावे लागतील.

आधी आवाज. फोन ३० म्हणतो, पण कमी उजेडात फ्रेम कमी-जास्त घेतो. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र ३० धरून चालतं, तिथे घोळ होतो. हँडब्रेक नावाचं व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात फाइल उघडून व्हिडिओ टॅबमध्ये ३० आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवड, क्वालिटी आरएफ १८ ठेव. नवी फाइल टाइमलाइनवर घेऊन तिच्यातल्या आवाजाच्या लाटेशी दुसऱ्या फोनचा आवाज जुळव. तरीही थोडा सरकला तर काका जिथे थांबतात तिथे आवाज काप आणि पुन्हा जुळव. दोन फोनची घड्याळं तंतोतंत कधीच चालत नाहीत. यापुढे सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजव.

पट्टे विजेमुळे. आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/६० सेकंदाचं शटर (एक फ्रेम टिपायचा वेळ) त्याच्याशी जुळत नाही. २५ फ्रेम आणि १/५० ठेवलं की ट्यूबखाली पट्टे जातात. शटर हाताने ठरवता येत नसेल तर कॅमेरा सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ शोध. झांकीच्या एलईडी माळांचं तसं नाही, त्यांचे कंट्रोलर आपल्याच वेगाने दिवे चालू-बंद करतात. दिवे लागले की दहा सेकंद शूट करून लॅपटॉपवर बघून घे.

ढोल_अडीच_किलो
माइकच्या पिनेवरच्या काळ्या कड्या मोज. दोन असतील तर तो कॅमेऱ्याचा माइक, फोनच्या जॅकला तीन कड्यांची पिन लागते. मधे टीआरएस (दोन कड्या) ते टीआरआरएस (तीन कड्या) अडॅप्टर लाव. फोनला जॅकच नसेल तर डीएसी (आवाजाची चिप) असलेलं टाइप-सी कन्व्हर्टर घे, साधं स्वस्तातलं बऱ्याच फोनवर चालत नाही. माइक हनुवटीखाली वीतभर, पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर.

सराफा_०७
दादा, हँडब्रेकने आवाज जुळला! कड्या दोनच निघाल्या. पण पट्टे झाकायला दाखवू काय? मिल तर १९९१ पासून बंद.

कटिंग_टेबल
काकांचे हात जवळून, भिंतीवरचे फोटो, असलाच तर जुना गेटपास. हे दिवसा खिडकीशी घे, काकांना बसवायचीही गरज नाही. मिलचं फाटक, झांकीचा सांगाडा, वेल्डिंग, रंगकाम. प्रत्येक शॉट दहा सेकंद स्थिर, झूम अजिबात नको. काका झांकीबद्दल बोलताना झांकीच दिसली पाहिजे, उगाच राजवाडा नको. पट्टे सर्वांत कमी दिसतात त्या चार-पाच जागी तेवढा चेहरा ठेव.

ढोल_अडीच_किलो
मिरवणुकीत डीजेच्या तोंडासमोर उभी राहू नकोस. लेव्हलची टोकं -१२ डीबीच्या आसपास ठेव. ० ला आपटून फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. आणि काकांच्या खोलीतली निव्वळ शांतता ३० सेकंद घेऊन ये, कापलेल्या जागा त्यानेच बुजवायच्या.