ससे मारायला शॉटगन आणि काडतुसं: कोणती घ्यावी? (सेंट्रल ओटागो, बजेट १२०० डॉलर)

क्रॉमवेलकर
नमस्कार मंडळी. न्यूझीलंडात क्रॉमवेलजवळ थोडी जमीन घेतली आहे. गेल्या वर्षी चेरीची रोपं लावली, त्यांची साल सशांनी सोलून नेली. जाळी पुरून कुंपण करतोय, पण जे ससे आत आहेत त्यांचं काय? रीजनल काउन्सिलच्या नियमानुसार त्यांचा बंदोबस्त करणं जमीनमालकाकडेच येतं (मॅक्लीन स्केलवर, म्हणजे ससे किती झालेत ते मोजायच्या मापावर, ३ च्या वर जाता कामा नये).

दोघांचीही फायरआर्म लायसन्स आली आहेत, तिजोरी बसवून झाली. आता बंदूक. बजेट १२०० न्यूझीलंड डॉलर, काडतुसं धरून. बायकोही चालवणार, तिची उंची पाच फूट. ससे साधारण १५ ते ३० मीटरवर दिसतात, संध्याकाळी. पॉइंट टू टू रायफल नको आहे, कारण जमीन सपाट आहे आणि पलीकडे शेजाऱ्यांचं घर आणि घोडे आहेत. बोअर (नळीचं माप; आकडा लहान तितकी नळी रुंद) कोणता, छर्रे किती नंबरचे (नंबर लहान तितका छर्रा मोठा)? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बारा_बोअर_बंड्या
बारा बोअर, विषय संपला. माझ्याकडे बेरेटा ६८६ आहे, वरखाली नळ्यांची. उचलली की आपोआप खांद्यात बसते. मागच्या महिन्यात क्लबात क्ले शूटिंगमध्ये (उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी) पहिला आलो.

क्रॉमवेलकर
अभिनंदन. पण ती माझ्या बजेटच्या कितीतरी पट आहे ना?

बारा_बोअर_बंड्या
बजेट ताणा थोडं. बंदूक आयुष्यात एकदा घेतो माणूस.

डनेडिनचा_दादू
सरळ पॉइंट टू टू घ्या. सबसॉनिक (आवाजापेक्षा हळू जाणारी) गोळी, पुढे सायलेन्सर. पहिला पडला तरी दुसरा जागेवर चरत राहतो. शॉटगनचा एक बार काढलात की सगळे बिळात. शिवाय मांसात छर्रे नाहीत.

क्रॉमवेलकर
दादूभाऊ, ते का नको ते वरच लिहिलंय.

दक्षिणवारा
दादूंचं बाकी सगळं बरोबर आहे, पण सपाट जमिनीवर ती गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि दगडावर आपटली तर कुठे उडेल सांगता येत नाही. बारीक छर्रे त्यामानाने लवकर दमतात. पण तेही दोनशे मीटरच्या वर जातात हं. घोडे तीनशे मीटरच्या आत असतील तर त्या दिशेला बंदूक उचलायचीच नाही, ससा कितीही ऐटीत बसलेला असो.

नाना_सदाशिवपेठी
आमच्या आजोबांकडे संगमेश्वरला दुनळी होती, बारा बोअर, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. काडतुसं खडकीच्या फॅक्टरीतली, शक्तिमान. चार नंबरचे छर्रे. सशाला, पाखराला, सगळ्याला चार नंबर. आता तिकडे सशावर बार काढलात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आत जाल. तुमची मजा आहे. चार नंबर घ्या.

हिरवी_मिरची
वाचून वाईट वाटलं. त्या मुक्या जिवाने काय बिघडवलंय? निसर्ग आपोआप समतोल राखतो.

दक्षिणवारा
मिरचीताई, ससा इथला नाहीच. गोऱ्यांनी शिकारीसाठी आणि खाण्यासाठी आणून सोडला. मग तो आवरेना म्हणून १८८० च्या दशकात स्टोट आणि फेरेट (मुंगसासारखे दिसणारे शिकारी प्राणी) आणले, त्यांनी सशांऐवजी न उडणारे पक्षी फस्त केले. १९९७ मध्ये शेतकऱ्यांनी कायदा मोडून सशांच्या रोगाचा विषाणू आणला, २०१८ मध्ये सरकारी परवानगीनेच त्याचा नवा प्रकार सोडला गेला. ससे अजून आहेतच. अलेक्झांड्रात ईस्टरला ससे मारायची स्पर्धा भरते, बारा-बारा जणांचे संघ उतरतात.

डनेडिनचा_दादू
त्या स्पर्धेला मी गेलो होतो. आमच्या संघात पॉइंट टू टू वाल्यांनीच निम्म्याहून जास्त मारले.

मेलबर्नकर
पंप अ‍ॅक्शन (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची) का नाही सुचवत कोणी? आमच्याकडे ऑस्ट्रेलियात ती कॅटेगरी सी मध्ये टाकली आहे, साध्या माणसाला मिळत नाही. तुम्हाला मिळते आणि तुम्ही घेत नाही!

बंदूकवाला_ऑकलंड
इथे साध्या लायसन्सवर मिळते, नळीखालच्या मॅगझिनमध्ये पाचपेक्षा जास्त काडतुसं मावत नसली तर. सेमी ऑटोलाही (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) तेच. मी स्वस्तातली सेमी ऑटो घेतली होती, ब्रँड सांगत नाही. हलकी काडतुसं घातली की रिकामं टरफल दारातच अडकायचं. दुकानदार म्हणाला, जड काडतुसं वापरा. जड वापरली तर खांदा निळा. विकून टाकली.

मेधा_टौपो
त्यांनी बायकोची उंची सांगितली आहे, ती कोणीच वाचलेली दिसत नाही. मी पाच फूट एक इंच, बोलायचा हक्क माझा.

बाजारातल्या बहुतेक बंदुकांचा दस्ता साडेचौदा इंचांच्या आसपास असतो, पुरुषी मापाचा. लांब दस्ता काखेत अडकतो, गाल नीट टेकत नाही, नेम हुकतो आणि दणका गालफडावर बसतो. आखूड दस्त्याची बघा किंवा गनस्मिथकडून कापून घ्या. कापायचं तुमच्या नाही, तिच्या मापाने. लांब हाताच्या माणसाला आखूड दस्ता एक वेळ चालतो, उलटं चालत नाही.

दुसरं, २० बोअर म्हणजे धक्का कमी असं दुकानदार सांगतात. बंदूक अडीच किलोची आणि काडतूस २८ ग्रॅमचं असेल तर ती २० बोअरही चांगलीच लाथाडते. सव्वातीन किलोच्या बारा बोअरमध्ये तेच २८ ग्रॅम मऊ लागतं. पण सव्वातीन किलो संध्याकाळभर हातात धरून फिरायचं आहे, तेही बघा. तिला दुकानात घेऊन जा, डोळे मिटून खांद्याला लावू द्या. डोळे उघडल्यावर नळीवरच्या पट्टीच्या रेषेत नजर असली तर ती बंदूक तिची. कानाला मफ दोघांनीही.

बारा_बोअर_बंड्या
+१. मी हेच म्हणत होतो, बारा बोअर.

ओमारूचा_मेंढपाळ
छर्ऱ्यांबद्दल. नुसत्या नंबरावर जाऊ नका, तो देशागणिक बदलतो. अमेरिकन ६ आणि ब्रिटिश ५ जवळजवळ एकच, २.८ मिलिमीटर. खोक्यावर मिलिमीटर छापलेले असतात ते वाचा. तीस मीटरच्या आत शिशाचे २.६ ते २.८ पुरे. नानांचे चार नंबर वाईट नाहीत, पण ब्रिटिश मापाने २८ ग्रॅममध्ये ते १७० च्या आसपास बसतात, सहा नंबरचे २७०. कमी छर्रे म्हणजे जाळं विरळ, आणि ससा त्यातून जखमी होऊन बिळात जातो. ते मला बघवत नाही.

चोक (नळीचं तोंड किती आवळलेलं आहे ते; जास्त आवळ तितके छर्रे एकवट) क्वार्टर आणि हाफ. फुल चोकने पंधरा मीटरवरच्या सशाचा खिमा होतो. आधी तीस मीटरवर मोठं पुठ्ठं उभं करून एक बार काढा, मधोमध पाऊण मीटरचं वर्तुळ आखा आणि भोकं बघा. प्रत्येक बंदूक वेगळं मारते. शिशाऐवजी स्टील वापरलंत तर दोन नंबरांनी जाड छर्रे घ्या (सहाऐवजी चार), पण जुन्या बंदुकीत स्टील घालू नका.

आणि शेजाऱ्यांनी पिंडोन (सशांसाठीचं विष) घातलंय का ते विचारून घ्या. विष खाल्लेला ससा कुत्र्याला देऊ नका, स्वतःही खाऊ नका.

भुकेला_भीम
खायचं निघालंच आहे तर, सशाचं सुकं कोल्हापुरी मसाल्यात छान होतं का? की मालवणी?

नाना_सदाशिवपेठी
मालवणीच. आधी दह्यात मुरवा. चार नंबरच्या छर्ऱ्यांचा फायदा म्हणजे दाताखाली येण्याआधी दिसतात.

क्रॉमवेलकर
सगळ्यांचे आभार. निर्णय झाला. पलीकडचे शेतकरी आजोबा त्यांची जुनी २० बोअर दुनळी विकत होते, शेजारी-शेजारी नळ्यांची. दस्ता त्यांच्या आईसाठी कापलेला होता, हिला कपड्यासारखा बसला. गनस्मिथला दाखवली: चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ७० मिलिमीटर, नळ्या आतून साफ, बिजागरी घट्ट. बंदुकांच्या सरकारी रजिस्ट्रीत नोंद केली. डाव्या नळीला फुल चोक आहे, ती लांबच्या सशाला ठेवू. काडतुसं शिशाची, २४ ग्रॅम, २.८ मिलिमीटर. बजेटमध्ये बसून वर पैसे उरले.

बारा_बोअर_बंड्या
एवढी चर्चा करून शेवटी २० बोअर?? तुमची मर्जी. मे महिन्यात तिकडे येतोय, माझी आणतो, मग फरक बघा.

मेधा_टौपो
आणा, पण दोन्ही काडतुसं एका पिशवीत किंवा एका खिशात ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत चुकून घातलं तर ते पुढे घसरून अडकतं. नळी रिकामी दिसते, मागून १२ चं घातलं जातं आणि नळी फुटते. २० ची टरफलं बहुधा पिवळी असतात ती त्यासाठीच. संध्याकाळच्या उजेडात रंगावर विसंबू नका, खिसे वेगळे ठेवा.

क्रॉमवेलकर
नोंद घेतली. बंड्याभाऊ, तुमची पिशवी तुमच्या गाडीत राहील.

नाना_सदाशिवपेठी
चार नंबर मिळत नाहीत का तिकडे?